पांढरा बोया

बॉस्टन, ५ सप्टेंबर १९७२

प्रिय आजी,

सोबतचं कार्ड आधी बघ, मगच पुढे वाच. बघितलंस? बोटीच्या मागच्या फळीवर काय लिहिलंय? ‘अल्मीरा बी.’ तूच ती! आणि दोरी ओढणारा तो पाठमोरा माणूस, डावा खांदा जरा खाली पडलेला, ते आजोबाच.

मी ज्या संग्रहालयात नोकरीला लागले, तिथे येत्या २१ ऑक्टोबरपासून ॲम्ब्रोज हॅव्हिलंड यांच्या जलरंगांचं मोठं प्रदर्शन आहे. एकोणचाळीस चित्रं, सगळी १९३१ च्या उन्हाळ्यात तुमच्या पिल्सबरी कोव्हला काढलेली. एका श्रीमंत विधवेच्या घरी, समुद्राकडे तोंड केलेल्या काचेच्या खोलीत ती चाळीस वर्षं टांगलेली होती. ती वारली आणि चित्रं आमच्याकडे आली. माझ्या साहेबीण मिसेस प्रेंटिस यांनी त्यांच्यावर आख्खं पुस्तक लिहिलंय, ‘हॅव्हिलंडची करडी वर्षं’. सगळं कसं राखाडी, धुक्यात विरघळल्यासारखं.

कार्डावरच्या चित्राचं नाव ‘करड्या सकाळी माणूस’. तो माणूस कोण हे कुणालाच माहीत नव्हतं. मी सांगितलं! आता खाली पाटी लागणार आहे: ‘एलिशा बंकर, मच्छीमार, पिल्सबरी कोव्ह’. दारावरच्या मोठ्या फलकावरही हेच चित्र. तुमच्या चर्चने २८ ऑक्टोबरला बस ठरवली आहे असं कळलं. पहिल्या रांगेत बस आणि ये.

तुझी,
लिडिया


पिल्सबरी कोव्ह, ११ सप्टेंबर

चि. लिडिया,

कार्ड मिळालं. पाटी काढ. फलकही काढ. ‘कुणी एक माणूस’ लिहा, जग बुडत नाही.

तो हॅव्हिलंड मला चांगला आठवतो. आम्ही त्याला छत्रीवाला म्हणायचो. आमच्या खडकावर छत्री रोवून दिवसभर बसायचा, आणि ब्रश धुतलेलं पाणी माझ्या कोंबड्यांच्या भांड्यात ओतायचा. एक कोंबडी आठवडाभर हिरवं हगत होती. असल्या माणसावर पुस्तक लिहायचं तर लिहा, पण त्यात तुझ्या आजोबाचं नाव नको.

मी बसने येणार नाही. गुडघे.

तुझी आजी,
अल्मीरा बंकर


बॉस्टन, १७ सप्टेंबर

आजी,

तुझं पत्र चारदा वाचलं. काय चुकलं माझं? आजोबांचे कपडे फाटके दिसतात म्हणून? की ते नुसते मच्छीमार होते म्हणून तुला त्यांची लाज वाटते? मी तर इथे सगळ्यांना अभिमानाने सांगत सुटले होते. कॉलेजात मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं की माझे आजोबा शेवंडं पकडायचे आणि मग माशांच्या कारखान्यात डबे भरायचे. आता पहिल्यांदा सांगितलं, तर तूच म्हणतेस झाकून ठेव.

आणि पुस्तक छापून झालंय. फलकही. आता काढायचं म्हणजे मला मिसेस प्रेंटिसना कारण द्यावं लागेल, आणि ‘आजी म्हणते’ हे काही कारण नाही. मी इथे अजून कच्ची नोकर आहे.

तुझ्या अंगणाचंही एक चित्र आहे, ते बघून तरी राग जाईल. दोरीवर वाळत घातलेलं धुणं, आतले लोकरीचे लांब कपडे, पांढरे फटक, वाऱ्यात लोंबणारे. मिसेस प्रेंटिसनी लिहिलंय की तो शोकाचा पांढरा रंग आहे.

लिडिया


पिल्सबरी कोव्ह, २२ सप्टेंबर

चि. लिडिया,

लाज! तुझ्या आईने मला आयुष्यभर नको ते ऐकवलं, पण हा शब्द तिनेही कधी तोंडातून काढला नाही. झाकली मूठ तशीच ठेवावी म्हटलं होतं, पण तू बोटं उलगडायलाच बसलीस. तर ऐक आता.

तू उन्हाळ्यात पंधरा दिवस यायचीस, पाय बुडवायचीस आणि आईस्क्रीम खाऊन जायचीस. तुला इथलं काय ठाऊक असणार? समुद्राला कुंपण घालता येत नाही. शेवंडांचा पिंजरा जातो तळाशी आणि त्याच्या दोरीला बांधून वर तरंगतो तो लाकडी बोया. बोया कुणाचा हे त्याच्या रंगावरून कळतं. प्रत्येक घराचे रंग ठरलेले, बापाचे मुलाकडे जातात. थॅक्स्टरांचा बोया पांढरा फटक. आपला पांढरा, पण पोटावर लाल पट्टा, चार बोटं रुंद. इथलं शेंबडं पोर अक्षरांच्या आधी बोये वाचायला शिकतं. मी चौथीत शाळा सोडली, पण बोया वाचायला मला अजून चष्मा लागत नाही.

आणि दुसऱ्याचा पिंजरा उपसणं, त्यातली शेवंडं काढून घेणं म्हणजे काय? इथे कुणी कुणाची बायको पळवली तरी माणसं वर्षभराने पुन्हा बोलायला लागतात. पिंजरा उपसला तर मेल्यावरही बोलत नाहीत.

आता तुझं ते कार्ड घे. एलिशाच्या हातातल्या दोरीच्या टोकाला बोया आहे. कुठल्या रंगाचा आहे? पांढरा. पट्टा कुठाय? नाही. म्हणजे तुझा आजोबा भर सकाळी ओरिन थॅक्स्टरचा पिंजरा उपसतोय, आणि खाली तू मोठ्या अक्षरात त्याचं नाव लिहिलंस. शहरातल्यांना काही दिसणार नाही. पण बसमधून गावातली चाळीस माणसं येणार आहेत. त्यांना बोया सोडून दुसरं काहीच दिसणार नाही.

तुला वाटेल, म्हातारी एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसली. त्याच वर्षी ऑगस्टात ओरिनचे पिंजरे रिकामे निघायला लागले. तीन आठवडे. मग तो दुकानात सगळ्यांसमोर म्हणाला की धुक्यात त्याने एलिशा बंकरला आपले पिंजरे उपसताना बघितलं. दुसऱ्या दिवशी एलिशाच्या बोयांवर दोरीची एकेक गाठ मारलेली होती. ती आमच्याकडची पहिली सूचना. पुढच्या आठवड्यात बेचाळीस दोऱ्या कापलेल्या. बेचाळीस पिंजरे तळाला. एलिशाने बोट विकली आणि कारखान्यात गेला. तुझी आई तेव्हा दहा वर्षांची. शाळेत तिच्याजवळ कुणी बसेना. मोठी झाल्यावर ती गाव सोडून पळाली ती का, हे आता कळलं तुला.

आता उरलेलंही सांगते, कारण एवढं लिहून मागे काय ठेवायचं? दोऱ्या कापल्या त्या संध्याकाळी मी पावाची कणीक मळत होते. तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, “अल्मीरा, मी नाही उपसला.” मी म्हणाले, “हात धू, जेवायला बस.” एवढंच. विश्वास आहे म्हणाले नाही, नाही असंही म्हणाले नाही. माहीतच नव्हतं ना मला! त्यानंतर अठरा वर्षं तो माझ्यासमोर बसून जेवला आणि पुन्हा कधी हा विषय काढला नाही. मीही नाही. मग न्यूमोनिया झाला आणि गेला.

आता तुझ्या संग्रहालयाने मला उत्तर पाठवलंय, रंगीत कार्डावर. तो छत्रीवाला दिसेल तेच काढायचा. माझ्या कोंबडीच्या शेपटीचं तुटकं पीसही त्याने सोडलं नव्हतं. त्याने पट्टा काढला नाही, म्हणजे पट्टा नव्हता.

पाटी काढ.

अल्मीरा


पिल्सबरी कोव्ह, २५ सप्टेंबर

लिडिया,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितेय. तिकीट घ्यायला गेले तर टपालवाली म्हणाली, “मिसेस बंकर, चार दिवसांत दुसरं पत्र? कुणी मेलं की काय?” मी म्हटलं, अजून नाही, पण तू अशीच चौकशा करत राहिलीस तर सांगता येत नाही.

पत्र टाकून आले आणि भांडी घासताना एकदम डोक्यात आलं. धुणं पांढरं म्हणालीस तू. पांढरं कसं असेल? एलिशाचे आतले लोकरीचे कपडे लाल होते. भडक लाल. इथल्या सगळ्या पुरुषांचे लालच. तीस हिवाळे मी ते धुतले. एकदा चुकून चादरींबरोबर उकळले आणि वर्षभर आख्खं घर गुलाबी चादरींवर झोपलं. शोकाचा पांढरा म्हणे! तुझ्या साहेबिणीने कधी धुणं धुतलंय का?

मग आठवलं की त्या धुण्याचं एक चित्र माझ्याकडेही आहे. ब्लूबेरीच्या केकच्या बदल्यात छत्रीवाल्याने दिलं होतं. मला इतका राग आलेला! नवऱ्याचे आतले कपडे कुणी भिंतीवर लावतं का? पेटीत तळाला उपडं घातलं आणि वर गोधड्या रचल्या. एक्केचाळीस वर्षं त्याच्यावर गोधड्याच आहेत.

काल पेटी उपसली. लिडिया, लाल! कालच रंगवल्यासारखा लाल. ताजं बीट कापावं तसा.

मी ते टेबलावर ठेवलं आणि खुर्ची ओढून बसले. समोर बाहेरच्या खोलीतले पडदे दिसत होते. तुझ्या आईच्या लग्नात घेतलेले, लाल होते. आता उन्हाने पिठासारखे झालेत. उठले, कात्री घेतली आणि खालची दुमड उसवली. आत दुकानातून आणल्यासारखा लाल.

तुमची चित्रं चाळीस वर्षं काचेच्या खोलीत होती, असं तूच लिहिलंस.

चित्राच्या कडेला तुम्ही पुठ्ठ्याची पट्टी लावता ना, चौकटीच्या आत? ती म्हणजे चित्राची दुमड. उचलून बघा.

आजी


बॉस्टन, ४ ऑक्टोबर

प्रिय आजी,

घाईत लिहितेय, अक्षर समजून घे.

तुझी दोन्ही पत्रं एकाच दिवशी हातात पडली. मी ती घेऊन तडक तळघरात गेले. तिथे मिस्टर ल्युबिन असतात, जुनी चित्रं दुरुस्त करणारे. अबोल माणूस, मी लागल्यापासून माझ्याशी ‘दार लाव’ एवढंच बोललेत. त्यांना पडद्याचा भाग वाचून दाखवला. ते म्हणाले, “ही बाई कुठे काम करते?” मी म्हटलं, स्वयंपाकघरात. ते म्हणाले, “मला वाटलंच.”

मग मिसेस प्रेंटिसना बोलावलं. त्या आल्या त्याच मुळी चिडून. “सतरा दिवसांवर प्रदर्शन आलंय आणि तुम्ही चौकट उघडताय? कुणाच्या सांगण्यावरून?”

“पडद्यांच्या,” मिस्टर ल्युबिन म्हणाले आणि त्यांनी पट्टी उचलली.

डाव्या कडेला पाण्यात आणखी एक बोया तरंगतोय, अर्धा पट्टीखाली दबलेला. आम्हाला आजवर त्याचा उघडा अर्धाच दिसायचा, पांढरा. दबलेल्या अर्ध्यावर पट्टा आहे, आजी. चार बोटं रुंद वाटावा असा, लाल. जिथे पुठ्ठा सुरू होतो तिथे सुरीने कापल्यासारखा तो रंग थांबतो. मग मिस्टर ल्युबिननी भिंग धरून आजोबांच्या हाताजवळचा बोया दाखवला. तिथेही पट्टा आहे. रंग उडालाय, पण ब्रशच्या दोन कडा कागदात राहिल्यात.

आणि आकाश! वरच्या कडेला, पट्टीखाली, एक बोटभर गुलाबी. ती सकाळ करडी नव्हतीच.

मिसेस प्रेंटिस मटकन खुर्चीवर बसल्या. ती खुर्चीसुद्धा प्रदर्शनातली होती, पण कुणी त्यांना उठवलं नाही. मग म्हणाल्या, “दोनशे दहा पानं. दोनशे दहा पानं मी उन्हावर लिहिली.” मला वाटलं, गेली माझी नोकरी. तर त्या उठल्या आणि म्हणाल्या, “तुझ्या आजीला विचार, ते धुणं आम्हाला दोन महिने उसनं देतील का?”

देशील का? आणि पाटीचं काय करू?

लिडिया


पिल्सबरी कोव्ह, ९ ऑक्टोबर

चि. लिडिया,

चित्र पाठवतेय. दोन फळ्यांमध्ये उशीच्या अभ्र्यात गुंडाळलंय. अभ्रा परत पाठव, जोडीतला आहे. त्याच्याजवळ दिवा मंद ठेवा, आणि शेजारी त्या काचेच्या खोलीतलं धुणं लावा, म्हणजे लोकांना कळेल की ऊन सगळ्यांचंच पाणी उतरवतं, श्रीमंतांचंसुद्धा.

पाटी राहू दे.

एक लक्षात ठेव. यावरून तुझा आजोबा देवदूत ठरत नाही. त्या सकाळी तो आपलाच पिंजरा उपसत होता, एवढंच चित्र सांगतं. बाकीच्या सकाळी तिथे कुणी छत्री घेऊन बसलं नव्हतं. पण मी एका माणसाला अठरा वर्षं जेवायला वाढलं आणि त्याच्या एका वाक्याला उत्तर दिलं नाही. आता पुराव्याची वाट बघत बसायचा कंटाळा आला. त्याने नाही उपसला. मी म्हणते म्हणून.

बसने मी येत नाही. गुडघ्यांचं खोटं नव्हतं. ओरिन थॅक्स्टरने नाव नोंदवलंय म्हणे. एक्याऐंशीचा झालाय, पण चित्रात चोर दिसणार म्हटल्यावर पाय चालतात. तुझं तेच कार्ड चर्चच्या पत्त्यावरही आलं होतं, ते त्या टपालवालीने गावभर दाखवलंय.

आजी


बॉस्टन, २९ ऑक्टोबर

प्रिय आजी,

काल बस आली. सगळं सांगते.

तुझी माणसं दारातून आत आली ती टोप्या हातात घेऊन, चर्चमध्ये येतात तशी. बाकीच्या अडतीस चित्रांकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही. सरळ आजोबांसमोर जाऊन उभी राहिली. मला वाटलं होतं, आधी खाली लावलेलं स्पष्टीकरण वाचतील. छे! कुणी खाली बघितलंच नाही. पट्टी काढल्यावर उघड्या पडलेल्या डाव्या कडेच्या त्या बोटभर लाल रंगाकडे बघत राहिली. मग कुणीतरी म्हणालं, “बंकरचा आहे.” दुसरं म्हणालं, “बंकरचाच.” बस्स. मिसेस प्रेंटिसनी हे समजावायला चार पानं घेतली होती.

ओरिन थॅक्स्टर सगळ्यांत मागे होते. उंच, वाकलेले, कोटाची बटणं वर-खाली लागलेली. बाकीचे चहाला गेले तरी ते तिथेच. मी खुर्ची दिली, बसले नाहीत. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाले, “तू अल्मीराची?”

“नात.”

“नाक तिचंच आहे. जीभही असेल.” मग चित्राकडे बोट करून म्हणाले, “धुकं नव्हतं त्या सकाळी. आभाळ गुलाबी आहे.”

मी म्हटलं, “हो.”

“मी बघितलं तेव्हा धुकं होतं,” ते म्हणाले आणि टोपी घालून बसमध्ये जाऊन बसले.

मला त्यातलं फारसं काही कळलं नाही. तुला कळेल.

आणखी एक. माझी नोकरी पक्की झाली. मिसेस प्रेंटिस पुस्तक पुन्हा लिहिताहेत. पहिल्या पानावर तुझ्या पडद्यांचे आभार आहेत.

लिडिया


पिल्सबरी कोव्ह, ५ नोव्हेंबर

चि. लिडिया,

पडद्यांना सांगितलं. काही बोलले नाहीत, पण खूश असावेत. नोकरीचं बरं झालं. आता तरी हातमोजे विकत घे, गेल्या वर्षीचे बघवत नव्हते.

मंगळवारी सकाळी मी कोंबड्यांना दाणे टाकत होते, तर ओरिन फाटकाशी उभा. हातात गोणपाटात काहीतरी गुंडाळलेलं. एक्केचाळीस वर्षांत तो त्या फाटकापर्यंत आला नव्हता.

“अल्मीरा, कॉफी आहे का?”

म्हटलं, “होती. एकतीस साली केली होती, थंड झाली.”

तो हलला नाही. वारा बोचत होता आणि माझे गुडघे काही लोखंडाचे नाहीत. म्हटलं, “मेल्या, आत ये. दारात मेलास तर मलाच उचलावं लागेल.”

आत आला. कॉफीत तीन चमचे साखर घालून ढवळत बसला. मग म्हणाला, “दोऱ्या मी कापल्या.”

“ठाऊक आहे. गावात एवढी बोथट सुरी तुझीच होती. प्रत्येक टोक उंदराने कुरतडल्यासारखं होतं.”

“धुक्यात मला बोट दिसली होती, अल्मीरा. बोटीचा आकार. माणूस दिसला नव्हता. दुकानात सांगताना माणूस दिसला म्हणालो. एकदा म्हणाल्यावर मग दिसायलाच लागला.”

लिडिया, रागावण्यासाठी मी एक्केचाळीस वर्षं वाक्यं जमवून ठेवली होती, एकापेक्षा एक धारदार. एकही सापडेना. कारण बोट नुसती त्याला दिसली होती. एलिशा तर माझ्या समोर उभा होता, उजेडात, चार हातांवर, आणि तरी मला तो दिसला नाही. ओरिनला काय बोलणार?

मी त्याच्या कपात आणखी कॉफी ओतली.

मग त्याने गोणपाट सोडलं. आत बोया होता. आपला. त्या दिवशी कापलेल्यांपैकी एक, त्याच्या दोरीत अडकून घरी आलेला. “जाळवला नाही,” म्हणाला, “आणि समुद्रात टाकला तर पुन्हा किनाऱ्याला येईल असं वाटायचं.” शेडमध्ये कौलाखाली ठेवला होता. बाकीचे मी तेव्हाच चुलीत घातले होते, त्यामुळे जगात एवढा एकच उरलाय. खाऱ्या वाऱ्याने लाकूड करडं पडलंय, तुझ्या साहेबिणीच्या पुस्तकासारखं. पट्टा आता फक्त बोटाला लागतो.

समुद्राकडच्या भिंतीवर, दाराच्या डाव्या हाताला, एक खिळा आहे. इथे सगळ्यांच्या घरावर आपापला बोया टांगलेला असतो, येणाऱ्या बोटींना दिसेल असा. आपला मी काढला होता, पण खिळा राहिलेला. ओरिनने हातोडीने तो सरळ करून दिला. एक्याऐंशीव्या वर्षी शिडीवर चढला, मी खालून शिडी धरली आणि त्याला सगळ्यांत उंच पायरीवर असताना विचारलं, “ओरिन, आता हात सोडू का?” पहिल्यांदाच त्याला हसताना ऐकलं. घोडा शिंकतो तसं हसतो.

आता तुझं काम. नाताळला येशील तेव्हा लाल रंगाचा एक डबा घेऊन ये. इथल्या दुकानात फक्त तपकिरी आहे. मात्र त्या छत्रीवाल्याच्या जातीचा नको, ऊन दिसलं की पळून जाणारा. बोटीला लावतात तो आण, जाड, वास मारणारा.

ब्रश माझ्याकडे आहे. चार बोटांचा.

तुझी आजी,
अल्मीरा

ता.क. अभ्रा अजून आला नाही.